सरासरी २०५ वॅट, तरी ग्रुप कसा सुटला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिवाळाभर ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर, नेमाने घाम गाळला, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर) २६० वॅटपर्यंत नेली. हंगामातली पहिली रोड रेस होती ९ किलोमीटरच्या ८ लॅपची, दर लॅपला ६ वळणं, पन्नासेक रायडर. तिसऱ्या लॅपमध्ये, साधारण ३१व्या मिनिटाला, ग्रुप डोळ्यांदेखत निघून गेला. घरी येऊन पॉवर मीटरची फाइल उघडली तर तोवरची सरासरी २०५ वॅट. एवढे वॅट तुम्ही ट्रेनरवर दोन तास देऊ शकता. मग पाय संपले कसे? तीन आठवड्यांनी पुढची रेस आहे, तोवर काय बदलायचं? आणि शेवटी जरा कचरत विचारलंत की हा खेळ आपला नाहीच का.

सुरुवात तुमच्या पॉवरच्या आलेखापासून करू. त्यात दर वळणाआधी चार-पाच सेकंद शून्य वॅट दिसतात आणि वळण संपताच ६०० च्या आसपास उंच टोक. मग थोडं खाली, मग पुन्हा टोक. हा आलेख मी ओळखतो, कारण माझ्या पहिल्या दोन हंगामांच्या फाइली अशाच आहेत. ग्रुपच्या शेपटाला बसलेल्या माणसाचा आलेख असाच येतो. तुम्ही कुठे बसला होता हे लिहिलेलं नाही, पण पन्नासात चाळिसाव्याच्या पुढे क्वचितच असाल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

मागे बसण्यात चूक काय, असं वाटणं साहजिक आहे. आपण सगळे हेच वाचून येतो की ग्रुपमध्ये वारा लागत नाही. ते खोटंही नाही. ताशी ४० किलोमीटरला एकट्याने जायचं तर सपाट रस्त्यावर साधारण ३०० वॅट लागतात, कोणाच्या चाकामागे नीट बसलात तर २००-२२० मध्ये भागतं. वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लॉकेन यांच्या चमूने २०१८ साली १२१ रायडरच्या पेलोटॉनवर, म्हणजे रेसमधल्या मुख्य मोठ्या ग्रुपवर, संगणकी गणित आणि वाऱ्याच्या बोगद्यातली मोजणी असं दोन्ही केलं. ग्रुपच्या मधल्या-मागल्या भागात हवेचा रोध एकट्या रायडरच्या तुलनेत ५ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतो, असं त्यात निघालं. नवा रायडर हे वाचतो आणि शहाणपणाने मागे जाऊन बसतो. मात्र ते आकडे एका वेगाने, सरळ, दाटीवाटीने जाणाऱ्या पेलोटॉनचे आहेत. हौशी रेसमधला ग्रुप विरळ असतो, तुमच्या रेससारखी लॅपला ६ वळणं घेत असतो आणि एका वेगाने तर तो कधीच जात नाही.

वळणावर काय होतं ते बघा. पहिले चार-पाच जण वळणाची रेघ स्वतः निवडतात. ते ताशी ४२ किलोमीटरवरून फार तर ३४ वर येतात आणि पुन्हा वेग धरतात. त्यांच्या मागचा थोडा जास्त ब्रेक लावतो, त्याच्या मागचा आणखी थोडा. चाळिसाव्यापर्यंत येईतो वेग २८ झालेला असतो आणि पुढचे तोवर वळणातून बाहेर पडून ४२ ला पोचलेले असतात. ग्रुप रबरासारखा ताणला जातो आणि त्या रबराचं टोक तुम्ही असता.

रायडर, सायकल, पाण्याच्या बाटल्या सगळं मिळून ८० किलो धरा. ३४ वरून ४२ वर यायला सुमारे १,९०० ज्यूल लागतात, २८ वरून ४२ वर यायला सुमारे ३,०००. हे काम ८ सेकंदांत उरकायचं तर पुढच्याला नेहमीच्या वॅटवर आणखी २३५ द्यावे लागतात आणि तुम्हाला जवळपास ३८०. म्हणजे तुमचे एकूण ५८० च्या आसपास, आणि तुमची ६०० ची टोकं इथूनच आलेली आहेत. आता एफटीपीच्या वरचा हिशेब करा. एफटीपीच्या वर खर्च करायला शरीराकडे एक मर्यादित साठा असतो, हौशी रायडरमध्ये ढोबळमानाने १५ ते २५ किलोज्यूल. ५८० वॅटचे ८ सेकंद म्हणजे त्यातले अडीच किलोज्यूल गेले. सात-आठ वळणांत २० किलोज्यूल साफ. दोन वळणांच्या मधल्या रस्त्यावर साठा पुन्हा भरतो, पण तिथे नीट ड्राफ्टमध्ये, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला, बसून हलकं पेडल मारायला मिळालं तरच. शेपटावरचा माणूस त्या वेळात गॅप भरत असतो. तुम्ही १४-१५ वळणं टिकलात. खरं सांगायचं तर ते वाईट नाही.

सरासरी पॉवर या सगळ्यावर पांघरूण घालते, कारण टोकांइतकीच शून्यंही त्यात मिसळली जातात. नॉर्मलाइज्ड पॉवर, म्हणजे जोराच्या टोकांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी, बघा, ती बरीच वर दिसेल. पण तीही पूर्ण खरं बोलत नाही. तिच्या सूत्रात आधी ३० सेकंदांची सरासरी काढतात आणि मग चौथ्या घाताचं गणित होतं, त्यामुळे ८ सेकंदांचं टोक त्या सरासरीतच चेपलं जातं. माझी सवय अशी की रेसनंतर मी फाइलमध्ये दोनच गोष्टी मोजतो: ५०० वॅटच्या वर किती वेळा गेलो आणि पहिल्या अर्ध्या तासात पेडल किती मिनिटं थांबलेलं होतं. पेडल खूप वेळ थांबलं आणि तरी ५०० च्या वर चाळीस वेळा गेलो, तर त्या दिवशी मी वाईट जागी होतो.

माझी पहिली रेस तुमच्यापेक्षा लवकर संपली. ११व्या किलोमीटरला. माझ्यापुढचा रायडर दमला आणि त्याच्या पुढच्याचं चाक त्याच्याकडून सुटलं. मी त्याच्या मागे निवांत बसून त्याच्या पाठीकडे बघत होतो, तो गॅप भरेल म्हणून. नाही भरला. मला कळलं तेव्हा ग्रुप साठ मीटर पुढे होता आणि मी आयुष्यातले सर्वांत जोराचे दोन मिनिट मारून तीस मीटरवर पोचलो, तिथेच संपलो. पाय चांगले होते, नजर चुकीच्या ठिकाणी होती. शेपटाला बसण्यातला हा दुसरा धोका: तुमच्या आणि ग्रुपच्या मध्ये जो कोणी आहे, त्याची दमछाक तुमच्या खात्यात जमा होते. मागचा भाग दमलेल्यांनी, नवख्यांनी आणि ब्रेकवर जास्त विश्वास असलेल्यांनी भरलेला असतो. म्हणून पुढच्याच्या पाठीकडे न बघता त्याच्या खांद्यावरून तीन-चार रायडर पुढे बघायची सवय लावा. गॅप तीन मीटरचा असताना दिसला तर चार जोरदार पेडल पुरतात. तीस मीटरचा झाल्यावर दिसला तर बहुतेक वेळा रेस संपलेली असते.

मग पुढे जायचं कसं आणि, त्याहून अवघड, पुढे राहायचं कसं? ग्रुप रहाटासारखा फिरत असतो. कडेने कोणी ना कोणी सतत वर येतो, मधले न कळत मागे सरकतात. जागेवर थांबलात म्हणजे मागे चाललात. दर दोन-तीन मिनिटांनी चार-पाच जागा वर सरकायचं, एवढं पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. त्यासाठी वेळ निवडायची. वेग पडतो, पुढचे एकमेकांकडे बघायला लागतात, ग्रुप रुंद होतो, अशा वेळी कडेने फुकटात दहा जागा मिळतात. समोरून वारा असतानाही तसंच, कारण पुढे राहायला कोणी तयार नसतं. उलट, ४५ च्या वेगाने सगळे एका रांगेत ताणलेले असताना वर जायला निघालात तर ३०० वॅटचं काम ४५० मध्ये कराल. कोणी अनुभवी कडेने वर चाललेला दिसला तर त्याचं चाक पकडा, तो तुमचा वारा कापेल.

पहिल्या दहा ते वीसमध्ये असणं पुरे. अगदी पहिल्या तिघांत जाऊन वारा खात बसायची गरज नाही. पहिल्या रेसमध्ये हा दुसरा मोह असतोच: पुढे आलो, आता ताकद दाखवू. तिथे पंधरा-वीस सेकंद राहा, कोपर हलवून मागच्याला पुढे यायला सांगा आणि बाजूला व्हा. लगेच मागे घसरू नका, पाचव्या-सहाव्या चाकामागे शिरा.

एक नियम आधी नीट वाचून घ्या. हौशी रेसमध्ये रस्ता बऱ्याचदा पूर्ण बंद नसतो आणि मधली रेषा ओलांडली की बाद करतात. मग वर जायला एकच बाजू उरते आणि वर दिलेल्या युक्त्या निम्म्या होतात. अशा रेसमध्ये सुरुवातीच्या रेषेवर कुठे उभे राहता याला फार महत्त्व येतं. पंधरा मिनिटं आधी जाऊन पहिल्या दोन रांगांत उभे राहा. थंडीत उभं राहणं कंटाळवाणं आहे, पण मागून पुढे येण्यापेक्षा स्वस्त.

तुमच्या रेसमध्ये चढ नव्हता, पुढच्या रेसमध्ये आहे असं म्हणालात, २ किलोमीटरचा. इथे जागेचा फायदा थेट मोजता येतो. पन्नास-साठ रायडर दोन-दोनच्या रांगेत असतील तर ग्रुपची लांबी साधारण ७५ मीटर. ताशी २० ने चढ संपायला ६ मिनिटं लागतात आणि त्या वेगात ७५ मीटर म्हणजे १३-१४ सेकंद. चढाच्या पायथ्याशी तुम्ही पहिल्या पाचात असाल तर ३६० सेकंदांत १३ सेकंद हळू जाऊनही माथ्यावर ग्रुपच्या शेपटाला का होईना टिकून असाल. म्हणजे पुढच्यांपेक्षा साडेतीन टक्के कमी ताकद पुरते. एफटीपी साडेतीन टक्के वाढवायला किती महिने लागले ते आठवा. फक्त उताराला लागताच पुन्हा वर सरकायचं, कारण आता तुम्ही शेपटाला आहात आणि खाली वळण असणार.

वाऱ्याबद्दल. हंगामाच्या सुरुवातीच्या रेस उघड्या माळरानावर, झोडपणाऱ्या वाऱ्यात असणं नेहमीचंच. वारा आडवा असेल तर आसरा थेट मागे नसतो, तिरपा असतो. वारा डावीकडून येत असेल तर पुढच्याच्या मागे, किंचित उजवीकडे. सगळे असे तिरपे बसत गेले की उजवी कड येईपर्यंत दहा-बारा जणांची जागा होते आणि बाकीचे कडेच्या खडीत एका रांगेत, उघड्या वाऱ्यात. तिथे कोणीही फार वेळ टिकत नाही, ताकद कितीही असो. आदल्या दिवशी वाऱ्याची दिशा आणि रस्त्याचा नकाशा शेजारी ठेवून बघा. रस्ता कुठे वळून वारा आडवा होतो ती एक जागा शोधा आणि त्याच्या आधीच्या किलोमीटरला पुढे या. अख्ख्या तयारीत एवढं फळ देणारी दहा मिनिटं दुसरी नाहीत.

पडण्याची भीती वाटते असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. ती वाटायलाच हवी. सहा महिने एकेकटे ट्रेनरवर बसलेले पन्नास लोक पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून वळणात शिरतात, त्यामुळे वर्षातल्या सर्वांत बावळट चुका याच रेसमध्ये होतात. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आलं आणि तो बाजूला सरकला, तर तो सावरतो, तुम्ही पडता. म्हणून चाकाला चाक समांतर ठेवून लांबवर जाऊ नका. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर), बोटं ब्रेकवर. वळणात शिरताना ज्या रेघेवर आहात त्याच रेघेवर बाहेर पडा. आतल्याने आतच राहायचं, बाहेरच्याने बाहेर. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. गंमत अशी की इथेही पुढची जागाच सुरक्षित, कारण पडापड बहुतेक मधल्या आणि मागच्या दाटीत होते. फ्रान्समधली व्यावसायिक पॅरिस-नीस ही अशीच हंगामाच्या तोंडावरची रेस. मार्च २००३ मध्ये तिथे कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हेल्मेटशिवाय पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. व्यावसायिक रेसमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं ते त्याच वर्षी. आज ते सगळ्यांच्या डोक्यावर असतं, पण हनुवटीचा पट्टा लोंबकळत ठेवणारे अजून दिसतात.

थंडीचं थोडक्यात. इटलीतल्या मिलान-सान रेमो रेसमध्ये २०१३ साली एवढा बर्फ होता की रायडरना बसमध्ये घालून तुरकिनो घाटापलीकडे न्यावं लागलं आणि पुढे रेस पुन्हा सुरू झाली. तुमच्यावर ती वेळ येणार नाही. पण गार पडलेली बोटं गिअर बदलू शकत नाहीत आणि ब्रेक नीट दाबू शकत नाहीत, हे आठ अंशांतही खरं आहे. तापमान १५ च्या खाली असेल तर मी गुडघे झाकतो. वॉर्मअपला जाड जॅकेट घालून रेषेवर गेल्यावर ते कोणाच्या तरी हातात देतो. थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेली परत येते, तुमचीही आली असणार. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे पावणेदोन तासांच्या रेससाठी पुरेसं लक्ष्य आहे, आणि त्यातलं निम्मं पहिल्या चाळीस मिनिटांत पोटात जायला हवं. नंतर हातच मोकळा मिळत नाही. एनर्जी जेलच्या पाकिटाचं टोक घरीच थोडं फाडून ठेवा, हातमोज्यांनी ते फाटत नाही. रस्ता ओला असेल तर टायरमधली हवा थोडी उतरवा. किती, हे तुमच्या वजनावर आणि टायरच्या रुंदीवर आहे. नेहमीपेक्षा अर्धा बार कमी करून आधी सरावात बघा, रेसच्या सकाळी प्रयोग नको.

आता तीन आठवडे. यात एफटीपी वाढणार नाही, तो नाद सोडा. बदलेल ती पुन्हापुन्हा जोर लावून सावरण्याची क्षमता, आणि ती आश्चर्यकारक वेगाने बदलते. आठवड्यातून एक दिवस असं करा: १० सेकंद सॅडलवरून उठून कडक स्प्रिंट, मग ५० सेकंद एफटीपीच्या ८५ टक्क्यांवर, असे १० मिनिटं सलग, ५ मिनिटं हलकं, पुन्हा दोनदा. पन्नास सेकंदांत पूर्ण विश्रांती न घेणं यातच सगळं आहे, कारण रेसमध्ये ती मिळत नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठवड्यातल्या दुसऱ्या कठीण दिवशी, ३० सेकंद जोरात आणि १५ सेकंद हलकं असे १३ वेळा, मध्ये ३ मिनिटं, एकूण तीन सेट. हे कंटाळवाणं आहे आणि काम करतं. तिसरा दिवस ग्रुपबरोबर बाहेर, शक्यतो तुमच्यापेक्षा वेगवान लोकांबरोबर. तिथे मुद्दाम मधोमध राहायचा सराव करा, खांदा लागला तरी न दचकता. बाकीचे दिवस खरोखर हलके. शेवटच्या आठवड्यात तास निम्मे करा, पण छोटे स्प्रिंट ठेवा.

वळणांचा सराव मात्र ट्रेनरवर होत नाही, कितीही महागडा असो. रिकामा रस्ता किंवा मैदान बघून दोघातिघांनी एकच वळण तीस वेळा घ्या. ज्याला ब्रेक न लावता ताशी तीन किलोमीटर जास्त वेगाने वळणातून बाहेर पडता येतं, त्याने प्रत्येक वळणावर अर्ध्या किलोज्यूलहून जास्त वाचवलेलं असतं. ४८ वळणांनी गुणा.

आणि पुन्हा ग्रुप सुटलाच तर? मागे वळून बघा, तुमच्यासारखे आणखी तीन-चार जण असतातच. त्यांना गोळा करा, आळीपाळीने पुढे राहा. लॅपने मागे पडलेल्यांना थांबवतात की चालू देतात हे सुरुवातीच्या सूचनांमध्ये सांगतात, विचारून ठेवा. चालू देत असतील तर शेवटपर्यंत जा. चार जणांच्या त्या फाटक्या ग्रुपमध्ये चाक धरणं, बदली देणं, वाऱ्याची बाजू ओळखणं हे मी मुख्य ग्रुपमध्ये जेवढं शिकलो त्यापेक्षा जास्त शिकलो. तिथे निदान विचार करायला श्वास उरतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मी पंधरा हंगाम हौशी गटात काढलेत, जिंकलोय दोनदा, आणि पहिल्या हंगामात सहापैकी चार रेस पूर्णही केल्या नाहीत. एका रेसवरून मला तुमच्याबद्दल काहीच सांगता येणार नाही. पाच रेसनंतर पुन्हा विचारा. पण तेव्हा सरासरी वॅट पाठवू नका. रेसच्या एकूण वळणांपैकी किती वळणांत पहिल्या वीसमध्ये राहून शिरलात, तेवढा आकडा पाठवा. या झालेल्या रेसचा माझा अंदाज: दोन, तेही पहिल्या लॅपमधले.